जिन्याची चोरी

१

"सर, जिना चोरीला गेला," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा प्राचार्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग जपून म्हणाले, "मॅडम, मी आत्ता त्याच्यावरूनच चढून आलो."

"तो नवा. मी जुन्याबद्दल बोलतेय."

"अरे देवा," ते म्हणाले.

जुना जिना म्हणजे आमच्या ग्रंथालयाचा दगडी जिना. पोरांच्या कितीतरी पिढ्यांनी चढून-उतरून त्याच्या पायऱ्यांना खळगे पाडले होते. पायऱ्या निसरड्या झाल्या म्हणून या थंडीच्या तोंडाशी त्यांच्यावर फरशा बसवल्या. पण त्याआधी वर्षभर एक विद्यार्थिनी त्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसायची. पायरीवर मोठा कागद पसरायचा आणि पेन्सिलीच्या शिशाची कांडी आडवी धरून घासायची, की दगडाची झीज जशीच्या तशी कागदावर उतरते. नाण्यावर कागद ठेवून लहानपणी आपण करायचो, तेच. असे सगळे कागद जोडून तिने अख्खा जिना एका लांब गुंडाळीत उतरवून घेतला होता. माणसं कुठे पाय देतात, कुठे घुटमळतात, कुठून परत फिरतात, हे तिने त्या झिजेवरून शोधून काढलं. पोरांनी तिचं नावच 'पायरी' ठेवलं, आणि तीही त्या नावाला ओ देते.

आता यात माझा संबंध काय, ते सांगते. मी इथली ग्रंथपाल. माझ्या टेबलाशेजारी एक पाटी आहे: 'कुठे मांडू? कुठे छापू?' पदवीच्या मुलांनी काही शोधून काढलं की त्याला जागा मिळवून द्यायचं काम माझ्या गळ्यात आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण निम्म्या परिषदांना पदवीची पोरं फक्त खुर्च्या मांडायला हवी असतात, आणि निम्मी नियतकालिकं अशी की किराणा मालाची यादी पाठवली तरी 'मौलिक योगदान' म्हणून छापून येईल. त्यातून चाळून-पाखडून मी पायरीसाठी एक परिषद काढली. खास पदवीच्या विद्यार्थ्यांची. संशोधनावर नाव फक्त पदवीच्या विद्यार्थ्याचंच चालतं. बहुतेकांना तिथे पोस्टर लावायला मिळतं. मोजक्यांना मंचावर बोलायला बोलावतात, आणि मंचावर बोलणाऱ्याचा लेख परिषदेच्या अंकात छापतात.

पायरीला मंच मिळाला. आमच्या महाविद्यालयातून आजवर तो कुणालाच मिळालेला नव्हता. विद्यार्थ्याला नाही आणि, हळूच सांगते, शिक्षकालाही नाही.

परिषद उद्या सकाळी, परगावी. गाडी आज दुपारी. आणि नकाशांच्या खोलीत ठेवलेली तिची पुठ्ठ्याची नळी उघडली, तर आत नुसता बटरपेपर. गुंडाळी गायब. मंचावर मूळ ठसेच दाखवायचे अशी परिषदेची अट होती, आणि नवे ठसे घ्यावेत तर जुन्या पायऱ्या फरशीखाली गाडलेल्या.

पायरी माझ्या शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. तिने नळीत हात घालून बटरपेपर बाहेर काढला, त्याची नीट घडी घातली, आणि म्हणाली, "मॅडम, गुंडाळी नेली आणि हा राहिला. म्हणजे ज्याने कुणी नेली, त्याने ती आधी इथेच उघडून बघितलीय."

२

आदल्या दुपारी त्याच खोलीत आमची रंगीत तालीम झाली होती. हजर होती पायरी, मी आणि आणखी तिघं.

पहिला अध्यक्ष. पायरीच्याच वर्गातला. जिथे जाईल तिथे उठून 'दोन शब्द' बोलतो, म्हणून अध्यक्ष. कॅन्टीनच्या रांगेत मध्येच कोण घुसतं, यावर त्याचं संशोधन. परिषदेने त्याला राखीव ठेवलं होतं; म्हणजे पायरी गेली नाही, तर तो. त्याने आपलं पोस्टर फळ्यावर लावलं खरं, पण त्याचे कोपरे सारखे पुढे वळत होते. टाचण्यांवर टाचण्या मारल्या तरी पोस्टर कान टवकारून उभंच.

दुसरे सर, पायरीचे मार्गदर्शक. विषय ऐकून आधी हसले होते. "जिन्यावर कसलं संशोधन? उद्या दाराच्या कडीवर करशील." मंच मिळाल्यावर मात्र 'माझ्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द त्यांच्या तोंडात कायमचे मुक्कामाला आले. पोस्टर लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. जन्मात लावलेलं नाही. ते लेख पाठवतात. लेख, भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखे, नेमाने परत येतात.

तिसरी ताई. ही पायरीची सख्खी थोरली बहीण. आमच्याच विभागात पीएचडी करते, त्यामुळे साऱ्या विभागाची ताई. इतक्या परिषदांना पोस्टर घेऊन गेलीय की नळी तिच्या खांद्याचाच भाग वाटते. मंच तिला अजून एकदाही मिळालेला नाही. पोस्टर कसं असावं ते दाखवायला मी तिचं एक जुनं पोस्टर मागवलं होतं. कित्येक महिने नळीत पडलेलं, पण फळ्यावर लावताच भिंतीला चिकटून गुपचूप बसलं. मी अध्यक्षाला म्हटलंसुद्धा, "बघ, शहाण्या घरचं पोस्टर!"

पायरीने बोलून दाखवलं, ठसे दाखवले. अध्यक्षाने कौतुकाने की कशाने कोण जाणे, एका पायरीवर बोट ठेवलं, तर बोट काळं. पायरी त्याच्या अंगावरच धावून गेली. "शिसं आहे ते! घासलं की पुसलं जातं!" मग ठशांवर बटरपेपर पसरून, ठसे आतल्या बाजूला घेऊन, झोपलेलं बाळ उचलावं तशी तिने गुंडाळी नळीत घातली. नळी खोलीच्या कोपऱ्यात उभी केली आणि ती घरी गेली.

संध्याकाळी तिघंही एकेक करून परत आले. अध्यक्ष पोस्टर न्यायला, सर विसरलेला चष्मा न्यायला, ताई तिचं पोस्टर न्यायला. मी बाहेर पुस्तकं देत-घेत होते. ती खोली माझ्या पाठीमागे. प्रत्येक जण आत एकटाच गेला. नंतर मी कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली, ती आज सकाळीच काढली.

म्हणजे तिघांतलाच एक. आणि तिघंही जळत होते. मत्सराचा वास मला लांबून येतो, घरी जाऊ आहे. तिचं सगळंच माझ्यापेक्षा बरं: तिची भाकरी फुगते, तिची मुलं नमस्कार करतात. मी जळते, पण तिचं ताट वाढून ठेवते. सगळ्यांनाच ते जमतं असं नाही.

प्राचार्य स्वतः खाली आले. पायरीकडे न बघता मला म्हणाले, "दुपारपर्यंत सापडलं तर उत्तम. नाहीतर राखीव मुलाला पाठवू. जागा रिकामी सोडायची नाही."

"पण तो मुलगा इतक्या कमी वेळात तयारी कशी करणार?" मी विचारलं.

"माझी तयारी आहे, मॅडम," दारातून आवाज आला. अध्यक्ष उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर नळी, आणि हातात भरलेली बॅग.

३

त्याची नळी मी तिथल्या तिथे उपडी केली. त्याचंच पोस्टर पडलं, बॅगेत कपडे आणि एक आरसा. मी त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

आमच्या नकाशांच्या खोलीत भिंतीभर मांडणी आहे. तिच्यात नळ्याच नळ्या, एकसारख्या, आणि प्रत्येकीत एक जुना नकाशा. एवढी लांब गुंडाळी माझ्यासमोरून उघड्यावर कुणी नेऊ शकलं नसतं. स्वतःच्या नळीतून नेली असेल, नाहीतर याच रानात लपवली असेल. म्हणून मी एकेक नळी रिकामी करत होते, आणि जो चौकशीला येई त्याला नकाशे परत भरायच्या कामाला लावत होते. हात गुंतलेले असले की माणसाची जीभ सैल होते.

"चोरीची बातमी अजून बाहेर गेली नव्हती," मी म्हटलं. "मग तू बॅग भरून कसा आलास?"

अध्यक्षाने एक नकाशा टेबलावर पसरला, रंगीत बाजू आत घेऊन गुंडाळला, त्याला रबरबँड लावला. मग म्हणाला, "मॅडम, मी रोजच भरतोय. निकाल लागल्यापासून."

"का?"

"ती आजारी पडली तर?" तो लालेलाल झाला. "खरं सांगू? मला वाटायचं, तिला ताप यावा. साधाच. मोठं काही नको. दोन दिवसांत उतरेल असा."

मला हसू आवरेना. "आणि ताप येत नाही म्हटल्यावर?"

"मग मी बॅगेतले कपडे बदलायचो, इस्त्री मोडते म्हणून." त्याने दुसरा नकाशा उचलला. "जळतो मी तिच्यावर, मॅडम. वर्गात मी बोलतो आणि ऐकतात सगळे तिचं. पण गुंडाळी मी नेली नाही. नेली असती तर आज बॅग घेऊन दारात उभा राहिलो असतो का? इतका मूर्ख नाही मी."

"नाही, इतका नाहीस," मी कबूल केलं.

जाताना तो दारात थांबला. "सरांना विचारलंत का? काल तालीम संपल्यावर ते स्वतःशीच म्हणत होते, 'हिला मंच! हिला!' मी ऐकलं."

४

सर घाईत आले. उजव्या हाताच्या बोटांना काळं लागलेलं होतं. माझी नजर तिथे गेलेली बघून म्हणाले, "फळ्यावरचा मार्कर गळतोय. विद्यार्थ्यांना विचारा हवं तर."

मी त्यांच्या हातात नकाशा दिला. त्यांनी तो इतका वाकडा गुंडाळला की मधला भाग दुर्बिणीसारखा बाहेर आला. नकाशाची शाई आत, घड्या बाहेर. नळीत काही केल्या जाईना. शेवटी मीच घातला.

"'हिला मंच' असं तुम्ही म्हणालात म्हणे."

"म्हणालो असेन." ते खुर्चीत बसले. "मॅडम, गेल्याच आठवड्यात माझा लेख परत आला. परीक्षकाने काय लिहावं? 'विषयात नवीन काही नाही.' आणि ही पोरगी जिना घासते आणि मंचावर जाते! माझ्या जागी तुम्ही असतात तर पेढे वाटले असतेत?"

"मुळीच नाही."

"मग!" त्यांना बरं वाटलं. मग आवाज उतरला. "पण त्या परिषदेत मार्गदर्शकाला पहिल्या रांगेत खुर्ची असते. मंचावरून नाव पुकारतात. मी नवा कोट शिवून घेतलाय. ती गेली नाही, तर मी कशाला जाईन, आणि कोट कुठे घालू?"

एवढ्या प्रामाणिक स्वार्थाला मी मान डोलावली आणि पुढची नळी उपडी केली.

ताई शेवटी आली. डोळे लाल, केस कसेबसे बांधलेले. बाहेर बोचरी थंडी, आणि हिच्या पांढऱ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. न सांगताच कामाला लागली. मी नळी रिकामी करेपर्यंत तिचा नकाशा गुंडाळून तयार. घट्ट, सरळ, कडेला कड. वरच्या नद्यांवरून हात फिरवून तिने तो नळीत सारला आणि पुढचा घेतला.

"तुझी बहीण खंबीर आहे," मी म्हटलं.

"आहेच ती." नद्यांवरून पुन्हा हात. "लहानपणापासून. पडली तरी रडायची नाही, मग आई मलाच ओरडायची, की लक्ष कुठे होतं."

"ठसे घेताना तू असायचीस ना? मी बघितलंय तुला जिन्यावर."

"एकटीला जमत नाही ते. कागद सरकतो. ती घासायची, मी धरायचे. वर्षभर धरला."

"मग तुझं नाव?"

"पदवीच्या विद्यार्थ्यांची परिषद आहे, मॅडम. पीएचडीवाल्यांचं नाव चालत नाही." ती हसली, पण नुसत्या ओठांनी. "आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत. मामा, आत्या, कुणाला म्हणून सोडलं नाही. मी पहिल्यांदा पोस्टर घेऊन गेले, तेव्हा तिने विचारलं होतं, डबा घेतलास का."

मांडणीतली शेवटची नळी रिकामी केली. तिच्यातही नकाशाच होता.

घड्याळ पुढे चाललं होतं. बाहेर प्राचार्य अध्यक्षाला मंचावर काय बोलावं हे समजावत होते. पायरी वाचनकक्षात भिंतीवरच्या जगाच्या नकाशाखाली बसली होती, मांडीवर तो घडी घातलेला बटरपेपर घेऊन. मी तिच्याकडे बघितलं, मग वर नकाशाकडे, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जगाचा नकाशा भिंतीवर आहे. मग त्याची नळी?

५

ती नकाशांच्या खोलीतल्या कपाटावर होती. नकाशा भिंतीवर गेल्यापासून रिकामी म्हणून वर टाकलेली; तिच्याकडे बघायचंही कुणाला कारण नव्हतं. मी स्टुलावर चढून ती उचलली. रिकामी नळी इतकी जड नसते.

गुंडाळी आतच होती. बाहेर ओढता ओढता माझे तळहात काळे झाले. ठसे सगळे गुंडाळीच्या बाहेरच्या बाजूला होते. सगळ्यात बाहेरच्या वेढ्यातली पायरी, म्हणजे जिन्याची अगदी पहिली पायरी, नळीच्या खरबरीत पुठ्ठ्याला घासून पार करडी झाली होती. बाकीच्या शाबूत होत्या.

मी हाक मारली तशी सगळे धावत आले. सरांनी "वा!" म्हटलं. अध्यक्षाने बॅग खाली ठेवली; त्याचा चेहरा पडला आणि लगेच, शहाण्यासारखा, त्याने तो उचलूनही घेतला. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पायरीने गुंडाळी हातात घेतली. उलगडली नाही, नुसती बघत राहिली. मुलगी सकाळपासून इतकी धीराची, पण आता तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"मॅडम," ती म्हणाली, "आठवलं मला. मीच ठेवली होती तिथे. काल संध्याकाळी. जास्त सुरक्षित म्हणून. माझीच चूक झाली."

"बघा!" सर म्हणाले. "तरी मी म्हणतच होतो."

ते काहीच म्हणत नव्हते, पण सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की कुणी हरकत घेतली नाही. प्राचार्यांनी 'विद्यार्थ्यांनी वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात' यावर छोटं भाषण केलं. अध्यक्षाने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच.

मी मात्र पायरीकडे बघत होते. काल संध्याकाळी ती परत आलीच नव्हती. आणि जी मुलगी नुसत्या बोटाच्या स्पर्शाने माणसाच्या अंगावर धावून जाते, ती ठसे बाहेर ठेवून, बटरपेपरवाचून गुंडाळी कोंबेल? धडधडीत खोटं बोलत होती ती. जिचं गेलं होतं, तीच चोराला वाचवत होती.

६

गाडीला अजून थोडा अवकाश होता. मी वाचनकक्षात जाऊन बसले. गुंडाळी उलगडून बघायची, मग गुंडाळायची. या साध्या कामात चोर कुठे घसरला? कोपऱ्यात अध्यक्ष आपलं पोस्टर नोटीसबोर्डावर लावायची खटपट करत होता. कोपरे पुढे वळत होते. टाचण्या निसटत होत्या.

मी उठले आणि ताईला बोलावून घेतलं. आम्ही दोघीच, जगाच्या नकाशाखाली.

"ताई, अध्यक्षाचं पोस्टर असं का वळतं?"

"छापलेली बाजू आत घेऊन गुंडाळतो तो," ती सवयीने म्हणाली. "मग उलगडलं की कडा बघणाऱ्याकडे येतात. छपाई बाहेर ठेवून गुंडाळलं, की कडा भिंतीकडे वळतात आणि पोस्टर सपाट..."

ती थांबली.

"सपाट बसतं," मी पुरं केलं. "काल तुझं बसलं तसं. हे ज्याने पोस्टरं घेऊन परिषदा पालथ्या घातल्यात, त्याच्या हातांना ठाऊक असतं. आज अध्यक्षाने नकाशा गुंडाळला, रंग आत. सरांनी गुंडाळला, त्याला गुंडाळणं म्हणायचं तर, तरी शाई आतच. तू गुंडाळलेस तेव्हा नद्या वर होत्या. तू त्यांच्यावरून हात फिरवत होतीस. छापलेल्या कागदाला ते बरोबर आहे. शिशाच्या ठशांना तसं गुंडाळलं तर ते पुसले जातात, आणि गुंडाळणाऱ्याच्या अंगाला लागतात. बाही सोड बघू."

मग तिने हळूहळू उजवी बाही खाली केली. मनगटापासून वरपर्यंत काळा पट्टा होता.

"एकच गरम स्वेटर आहे माझा," ती म्हणाली. "धुतला, पण शिसं निघत नाही. आईसमोर तर बाही वर करून जेवले."

"का केलंस, हे मी विचारत नाही."

"विचारा ना!" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "जळले मी. दुसरं काय! मी इतकी वर्षं भिंतीजवळ उभी आहे, मॅडम. लोक येतात, हातात कप घेऊन, पोस्टरच्या चार ओळी वाचतात, 'छान' म्हणतात आणि पुढे जातात. आणि हिला पहिल्याच फटक्यात मंच! परकी कुणी असती तर मी तिचं अभिनंदन केलं असतं, मनापासून. पण ही माझ्या शेजारच्या खाटेवर झोपते. माझी वह्यापुस्तकं वापरून मोठी झाली. हिला कागद कसा धरायचा ते मी शिकवलं."

"तर गुंडाळी लपवलीस."

"लपवायला नाही गेले मी. फाडायला गेले होते." तिने डोळे पुसले, गालाला काळं लागलं. "बटरपेपर काढला, टेबलावर पसरली. आणि ठशाच्या कडेला पांढरी जागा दिसली. प्रत्येक पायरीला आहे. मी अंगठ्याने कागद दाबून धरायचे ना, तिथे शिसं लागलंच नाही. माझ्या अंगठ्याएवढी जागा कोरी. ती बघितली आणि हात चालेना. बाहेर तुमचं कपाट वाजलं. मी घाईने गुंडाळली आणि वरच्या नळीत कोंबली. वाटलं, गाडी गेली की सापडली म्हणून सांगेन."

माणूस लांबच्यावर जळत नाही. जवळच्यावर जळतो, आणि ज्याच्यासाठी राबलो त्याच्यावर तर रीतसर जळतो. हे मी तिला सांगणार होते, पण ती ते माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती.

"प्राचार्यांना सांगणार?" तिने विचारलं.

"तुझ्या बहिणीने गुन्हा स्वतःवर घेतलाय. तिने ती गुंडाळी बघितली आणि तिला तिथल्या तिथे कळलं, कुणाचा हात आहे तो. मी प्राचार्यांना काय सांगू? पण तिला तू स्वतः सांगायचंस. तिला माहीत असलं तरी. आणि आज आमच्याबरोबर गाडीत बसायचंस."

"मी? मी कशाला?"

"उद्या ती गुंडाळी मंचावर लावायला मला माणूस हवंय," मी म्हटलं. "मला पोस्टर लावता येत नाही. तुला येतं."

७

गाडीत मी मुद्दाम त्यांच्या पुढच्या बाकावर बसले आणि डोळे मिटून घेतले. सर नवा कोट चुरगळू नये म्हणून उभ्यानेच प्रवास करत होते. मग ताईचा आवाज आला. काय म्हणाली ते इंजिनाच्या घरघरीत नीट ऐकू आलं नाही. पायरीचं मात्र आलं.

"माहितीय मला. गप्प बस आता."

थोड्या वेळाने: "पहिली पायरी गेली माझी. वर्षभराचं काम होतं ते, ताई."

"हो."

"पुन्हा असं केलंस ना, तर आईला सांगेन."

त्या धमकीनंतर ताई रडली. मी डोळे मिटलेलेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं होतं. सर पहिल्या रांगेत, कोटात, ताठ. आम्ही मागे. पायरीच्या आधी बोललेल्या मुलाचा तक्ता दर मिनिटाला वळत होता आणि दोन जण कोपरे धरून उभे होते. मग ताई मंचावर गेली, गुंडाळी लावली आणि उतरून माझ्या शेजारी येऊन बसली. अख्खा जिना फळ्यावर सपाट उभा राहिला, एकही कड न वळता. उलटं गुंडाळल्याचा तेवढा फायदा.

पायरी छान बोलली. चढणारे मधून चढतात, उतरणारे कठड्याला धरून उतरतात, आणि सगळ्यात वरची पायरी सगळ्यात कमी झिजलीय, कारण निम्मी माणसं अर्ध्यातूनच परत फिरतात. मग ती खालच्या करड्या पट्ट्यापाशी आली. "ही पायरी पुसली गेलीय. म्हणून हिचं माप मी माझ्या निष्कर्षात धरलेलं नाही," एवढंच म्हणाली. का पुसली, ते तिने सांगितलं नाही.

प्रश्न सुरू झाले. एका वयस्कर परीक्षकबाईंनी चष्मा वर केला. "प्रत्येक पायरीच्या कडेला एक पांढरा डाग दिसतोय. तिथे झीज आहे, की तुमची चूक?"

"चूक नाही," पायरी म्हणाली. "ती माझ्या ताईच्या अंगठ्याची जागा आहे. तिने कागद धरला म्हणून ठसे उमटले. नियमात बसत नाही म्हणून तिचं नाव वर लिहिता आलं नाही. पण प्रत्येक पायरीवर ते आहे."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. सरांनी उठून मागे वळून अभिवादन स्वीकारलं. माझ्या शेजारी ताईचे हात मांडीवर तसेच होते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "अजून जळतंय."

"जळू दे. टाळ्या वाजव."

तिने वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही वाजवत राहिली, आणि बाहीवरचा काळा पट्टा या वेळी तिने झाकला नाही.